‘मर तिकडंच’ या शब्दांच्या अर्थाबाबत

दिनांक १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार.

आज सकाळच्या बसने हिंगणीहून निघालो. ठाण्यात आलो तेव्हा तपासी अधिकारी मॅडम बंदोबस्तावर गेलेल्या होत्या. हवालदार रूपराव यांनी बाकावर बसण्यास सांगितले. मॅडम दुपारी आल्या. पंख्याचा आवाज होत असल्याने त्यांनी पंखा बंद केला व जबाब घेण्यास सुरुवात केली.

मी, प्रेमदास गोविंदा ताकसांडे, वय ६६ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण बी.कॉम., धंदा काही नाही, सेवानिवृत्त भांडारपाल, राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा धम्मदीप आणि सून मोनाली असे तिघे राहत होतो. पत्नी भागीरथा चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी काजल लग्नानंतर पुण्यात असते. जावई अंकित तेथे संगणकाच्या कंपनीत नोकरी करतात.

धम्मदीप, वय ३२, याचे गावात मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. विहिरीतली पाणबुडी मोटर काढणे व बसवणे हे कामही तो करत असे. दिनांक २१ जानेवारी रोजी दुपारी तो सदाशिवराव यांच्या शेतातील विहिरीत मोटर काढण्यासाठी गेला. सदाशिवराव यांनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत माणूस घेऊन येण्यास सांगितले होते. तो त्याच दिवशी एकटा गेला. संध्याकाळी सदाशिवराव शेतात गेले तेव्हा त्यांना विहिरीच्या काठावर चप्पल आणि मोबाईल दिसला. चप्पल नीट जोडून ठेवलेली होती. तो कुठेही चप्पल तशीच ठेवत असे. गावकऱ्यांनी त्याला बाहेर काढले. मी काठावर होतो. मृत्यू पाण्यात बुडून झाला व डोक्याला मागच्या बाजूने मार आहे, तो पाय घसरून लागला की उडी मारताना, हे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी लिहिले आहे. त्याला पोहता येत होते.

माझी मुलगी काजल हिने ठाण्यात अर्ज दिला आहे की, धम्मदीपने पत्नीच्या त्रासाला कंटाळून जीव दिला. अर्जासोबत तिने एक संगणकीय अहवाल जोडला आहे. त्यानंतर मोनालीने स्वतः ठाण्यात येऊन जबाब दिला. त्यात “मीच त्याले मर म्हटलं, माह्यामुळंच तो गेला” असे शब्द आहेत. हे कागद एकमेकांसोबत वाचले तर मोनालीवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, असे मॅडमनी मला फोनवर सांगितले. म्हणून मी आलो आहे. मला कोणी पाठवलेले नाही. मोनालीला मी ठाण्यात जातो एवढेच सांगितले. तिने कारण विचारले नाही. डबा करून दिला.

अहवाल कसा तयार झाला ते सांगतो. धम्मदीपच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवसाचा, कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले. काजल आणि अंकित राहिले. अंकित यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. अंत्यविधीची सर्व धावपळ त्यांनी केली. नंतर त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. ते दिवसभर अंगणात फेऱ्या मारत. त्यांचे कंपनीतले काम असे आहे की, हॉटेलात राहून गेलेले लोक नंतर जे लिहितात ते मशीन वाचते, आणि लिहिणारा खूष आहे, नाराज आहे की दोन्ही नाही, हे टक्क्यांत सांगते. लिहिणारे लाखो असतात, तेवढे वाचायला माणसे नसतात, म्हणून मशीन. धम्मदीपच्या घरात आणि मनात काय चालले होते ते त्याच्या मोबाईलवरील संदेशांतून असेच काढता येईल, असे ते म्हणाले. मोबाईल मोनालीने स्वतः आणून दिला. ती म्हणाली, “पाहा भाऊजी. लपवाचं काय हाय त्यात.”

जेवणे झाल्यावर अंकित यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर उभ्या पट्ट्या होत्या. लाल म्हणजे वाईट भावना, हिरवी म्हणजे चांगली, राखाडी म्हणजे कोणतीच नाही. मोनालीने नवऱ्याला पाठवलेले संदेश ८१ टक्के लाल होते. धम्मदीपचे तिला पाठवलेले त्याहून थोडे कमी.

मी म्हटले, “हे हॉटेलाचं हाय न.”

अंकित म्हणाले, “भाषा ती भाषाच असते, मामाजी. मी नाही म्हणत आहे, डेटा म्हणतोय.”

सगळ्यांत जास्त वेळा आलेला वाईट शब्द कोणता, तेही मशीनने काढले होते. तो शब्द ‘मेले’ होता. अंकित म्हणाले की, वहिनी सारखे मरणाचे बोलत होत्या. काजलने विचारले, कोण मेले. तेव्हा त्यांनी मशीनने घेतलेली वाक्ये मोठ्याने वाचली. “मेले दोन किलो कांदे आनजो.” “मेले नवी चप्पल पायजे.” “मेले झोप येऊन राह्यली.”

काजल हसली. ती म्हणाली, “अहो, ते मले आहे. मले म्हणजे मला.” ती बराच वेळ हसत होती. धम्मदीप गेल्यापासून घरात कोणी हसले नव्हते. नंतर ती उठून मोरीवर तोंड धुवायला गेली.

‘मले’ हा शब्द मशीनला ठाऊक नव्हता. त्याला वाटले लिहिण्यात चूक झाली आहे, म्हणून त्याने एक मात्रा लावून सर्व ठिकाणी दुरुस्त केला. मोनाली स्वयंपाकघरातून म्हणाली, “मीनं तं बराबरच लिहिलं होतं.” (वरील मजकूर टाइप करताना ठाण्यातल्या संगणकानेही एका ठिकाणी ‘मले’चे ‘मेले’ केले. हवालदार रूपराव यांनी ते परत ‘मले’ केले.)

अंकित यांनी मशीनला तो शब्द शिकवला व पुन्हा चालवले. आता ६४ टक्के लाल आले. मला वाटले विषय संपला. अंकित म्हणाले, “चौसष्टही खूप आहेत मामाजी. गिऱ्हाईक चौसष्ट टक्के नाराज असलं तर आमच्याकडे हॉटेलच्या मॅनेजरला बोलावून घेतात.”

उरलेल्या लाल संदेशांत मर, मुडद्या आणि भैताड हे शब्द होते. मॅडम सांगली जिल्ह्यातल्या असल्याने त्यांनी भैताड म्हणजे काय असे विचारले. भैताड म्हणजे डोक्याने कमी. याबाबत सांगतो की, मोनालीचे माहेर तळेगाव (श्यामजी पंत) येथील आहे. मुलगी पाहण्यास आम्ही गेलो तेव्हा धम्मदीपच्या हातून चहाची बशी सांडली. मोनालीने सर्वांसमोर “भैताडच हाय हा” असे म्हटले. तिचे वडील रागावले. धम्मदीपने बसमध्येच होकार सांगितला. भागीरथा तेव्हा हयात होती, ती म्हणाली की निदान मुलीला दिसते तरी नीट.

घरात मोनाली गॅसच्या सिलिंडरलाही मुडदा म्हणत असे. दार लागत नसले तर दाराला म्हणत असे. मला कधी म्हणाली नाही. माझ्याशी ती बेताने बोलते.

अहवालातील आणखी एक बाब सांगणे आवश्यक आहे. रोजच्या संदेशांच्या आलेखात डिसेंबर महिन्यातले चार दिवस पूर्ण हिरवे होते. एकही लाल रेघ नाही. अंकित यांनी त्यावर बोट ठेवले व म्हणाले, “इथं बघा, किती छान चाललं होतं दोघांचं. यानंतर बिघडलं.” त्यांनी ते संदेश वाचले. “जेवण झाले का?” “होय, झाले. आपण जेवलात का?” “हो. आपली काळजी घ्यावी.” “धन्यवाद.”

ते चार दिवस मोनाली माहेरी होती. त्याआधी धम्मदीप एका विहिरीत एकटा उतरला होता. दोर सरकला, तो मोटरीच्या पाइपला धरून राहिला म्हणून वाचला. त्याने घरी सांगितले नाही. मोनालीला ते किराणा दुकानात कळले. ती घरी आली, काही बोलली नाही, बॅग भरली आणि गेली. लग्नानंतर त्यांचे मोठे भांडण झालेले मी तेवढेच पाहिले. भांडण म्हणजे बोलणे बंद. मोबाईलवर मात्र पुस्तकातल्यासारखे लिहीत होते. धम्मदीप त्या दिवसांत दुकान उघडून बाहेर ओट्यावर बसून राही. मी एकदा विचारले, काय म्हणते ती. त्याने मोबाईल मला दाखवला व म्हणाला, “आपण म्हणून राह्यली बाबा मले. आपण.”

पाचव्या दिवशी तिचा संदेश आला, “स्टँडवर ये मुडद्या, बॅग जड हाय.” तो ताटावरून उठून गेला. हात धुतला नाही. अहवालात हा संदेश गडद लाल आहे. यापुढे एकट्याने विहिरीत उतरणार नाही असे त्याने तिला स्टँडवरच कबूल केले, हे मला तिने सांगितले.

हे मी अंकित यांना सांगितले. ते म्हणाले, “मामाजी, हे मशीनला कसं सांगणार?” काजल म्हणाली, “बाबा, तुम्ही सुनेचीच बाजू घ्याल.”

एक राखाडी पट्टी होती, तिच्यात दुसरा रंग नव्हता. ती कोणाची असे मी विचारले. ती माझी होती. मी मुलाला पाठवलेले संदेश त्यात होते. “पोहोचलो.” “नळ आला.” “ठीक.” “गोळी घेतली.” त्याने नव्या दुकानाचा, पाटी लावल्याचा फोटो पाठवला होता, त्याला मी “पाहिले” असे उत्तर दिले होते. तेही राखाडी. अंकित म्हणाले, “तटस्थ म्हणजे वाईट नाही, मामाजी.” तो फोटो मी त्याच दिवशी माझ्या मोबाईलच्या पडद्यावर लावला व अजून आहे. मशीन फक्त लिहिलेले वाचते असे त्यांनी सांगितले. मॅडमनी मोबाईल पाहून खात्री केली.

अंकित हे सांगत होते तेव्हाच मोनाली हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने विचारले, “लाल म्हंजे मी का भाऊजी?”

अंकित म्हणाले, “तुम्ही नाही वहिनी. शब्द.”

“अन् सगळ्यात लाल कोनता?”

अंकित यांनी दाखवायला नको होते असे मला वाटते, पण तिने विचारले होते. अहवालातील यादीत संदेश तारखेप्रमाणे किंवा वेळेप्रमाणे लावलेले नाहीत. टक्क्यांप्रमाणे लावलेले आहेत. सर्वांत वर मोनालीचा संदेश होता, “मर तिकडंच मंग. जेवाले येऊ नको.” त्यापुढे ९७ असा आकडा. त्याच्या खाली धम्मदीपचा, “बरं. जातो.” त्यापुढे इंग्रजीत शब्द होता. काजलने सांगितले की त्याचा अर्थ निरोप, निराशा असा होतो. दोन्ही संदेश २१ जानेवारीचे आहेत. त्यानंतर धम्मदीपने कोणालाही काही लिहिलेले नाही.

मोनालीने ते उभ्यानेच वाचले. आत जाऊन गॅस बंद केला. काजल रडू लागली.

‘जातो’ या शब्दाबाबत सांगतो. इतर लोक घरातून निघताना ‘येतो’ म्हणतात. ‘जातो’ म्हणणे अशुभ समजतात. आमच्या घरी ‘येतो’ म्हणत नाहीत. माझे वडील १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातल्या बऱ्याच गोष्टी बंद केल्या, त्यात हीही केली. ते म्हणत, “ज्याले जायचं हाय त्यानं जातो म्हनाव. शब्दानं मानूस मरत नाई.” मी नोकरीवर जाताना तसेच म्हणत असे. मुलांनाही तीच सवय लागली. शाळेतल्या बाईंनी एकदा धम्मदीपला यावरून रागावले होते, तेव्हा भागीरथा शाळेत जाऊन आली. भागीरथा पहिल्यांदा ऑपरेशनला निघाली तेव्हा “जाते” म्हणाली आणि बरी होऊन परत आली. वारली तेव्हा काही म्हणाली नव्हती.

काजल पुण्याला गेल्यापासून ‘येते’ म्हणते. तिच्या सासरी तशी पद्धत आहे. मी तिला घरच्या पद्धतीची आठवण करून दिली. ती म्हणाली, “मला माहीत आहे बाबा. मीही त्याच घरातली आहे. पण या वेळी त्यानं कोणत्या अर्थानं म्हटलं, हे तुम्ही सांगू शकता का?” मी सांगू शकलो नाही. आजही सांगू शकत नाही. तो रोज जसे म्हणत असे तसेच शब्द आहेत, एवढेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी काजलने अर्ज दिला व ती दोघे पुण्याला गेली. मोनाली त्यानंतर मला न सांगता एकटी ठाण्यात येऊन गेली. ती संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिला वडिलांचे म्हणणे सांगितले की शब्दाने माणूस मरत नाही. ती म्हणाली, “मंग मशीननं काऊन सांगतलं बाबूजी?” मी म्हटले की मशीनने मारले असे सांगितलेले नाही, राग आहे असे सांगितले आहे. ती म्हणाली, “राग तं होताच न मले.”

तेव्हापासून मोनालीचे बोलणे बदलले आहे. “बाबूजी, आपण चहा घेणार का” असे विचारते. सिलिंडर संपला तेव्हा काही म्हणाली नाही. भाजीवाला निकेश याने वांगी किडकी दिली, तिने ती घेतली व त्याला धन्यवाद म्हटले. तो गाडी सोडून मला विचारायला आला, “काका, वहिनीची तब्येत बरी हाय ना?” ती वेळेवर स्वयंपाक करते, वेळेवर झोपते. मोबाईलवर काही लिहायचे असले तर लिहून खोडते. अंकित यांच्या मशीनने आज मोजले तर आमचे घर पूर्ण हिरवे निघेल. हे मला ठीक वाटत नाही. मी आज येण्याचे हेही एक कारण आहे.

मी धम्मदीपचा मोबाईल सोबत आणला आहे. ठाण्यात दिलेल्या अहवालात संदेश टक्क्यांप्रमाणे असल्याने मॅडमनी ते वेळेप्रमाणे वाचलेले नव्हते. आज त्यांनी मोबाईलवर ओळीने वाचले. रूपराव यांनी ते मोठ्याने म्हटले व टाइप केले. ते असे :

मोनाली : जेवाले ये. पातोडीची भाजी थंडी होऊन राह्यली.

धम्मदीप : सदाशिवरावची मोटर काढतो. मंग.

मोनाली : उद्या होती न ते?

धम्मदीप : त्याचा हरभरा सुकून राह्यला. आजच पाहून घेतो.

मोनाली : संग कोन हाय?

धम्मदीप : कोनी नाई. वीस मिनटाचं काम हाय.

मोनाली : तू कबूल केलतं.

धम्मदीप : आजच्या दिवस.

मोनाली : मर तिकडंच मंग. जेवाले येऊ नको.

धम्मदीप : बरं. जातो.

वाचून झाल्यावर मॅडमनी विचारले की, ‘मर तिकडंच’ याचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय घेतात. मी उत्तर देण्याआधी रूपराव म्हणाले, “मॅडम, माही बायको मले हप्त्यातून चारदा म्हनते.”

मॅडमनी विचारले, “मग तुम्ही काय करता?”

“जेवाले जातो.”

रूपराव यांनी हे जबाबात घेऊ नये असे म्हटले. मॅडमनी घेण्यास सांगितले.

माझे उत्तर असे की, त्याचा अर्थ ये असा आहे. एकटा उतरू नको, घरी ये, असा आहे. हे मी मुलाच्या लग्नापासून सात वर्षे दोघांसोबत राहून सांगतो. धम्मदीपलाही तो तसाच समजत होता, कारण ती असे म्हणाली की तो घरी येत असे. त्या दिवशी का आला नाही ते मला माहीत नाही. हरभऱ्याला पाणी पाहिजे होते हे खरे आहे.

मॅडमनी विचारले की, त्या वेळी मोनालीच्या मनात काय होते असे तुमचे म्हणणे आहे. मनातले मी सांगू शकत नाही. मी त्या दुपारी घरी होतो. तिने मोबाईल फळीवर आपटून ठेवला. मला वाढले. त्याचे ताट वाढून त्यावर दुसरे ताट झाकून ठेवले. स्वतः जेवली नाही. तीन-चार वेळा दारापर्यंत जाऊन आली. ते ताट रात्री शेजारच्या बायांनी उचलले.

मॅडमनी विचारले की, मुलाने आत्महत्या केली असे तुम्हाला वाटते का. नाही. अपघात झाला असे वाटते का. होय. खात्रीने सांगता का. विहिरीत मी नव्हतो.

मोनालीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. मी मुलाचा बाप आहे, तक्रार असती तर ती मी केली असती. काजलच्या अर्जाबाबत मला काही म्हणायचे नाही. ती त्याची बहीण आहे. ती खोटे बोलत नाही. तिने तो कागद खरा धरला. तिचा फोन येत नाही, मी केल्यास अंकित उचलतात व सर्व ठीक असे सांगतात.

माझी विनंती एवढीच आहे की मोनालीचा जबाब काढून टाकावा. ती दुःखात बोलली. मॅडमनी सांगितले की एकदा घेतलेला जबाब काढता येत नाही, तिला स्वतः बदल करायचा असल्यास पुरवणी जबाब घेता येतो. माझा जबाब व संदेशांचा ओळीने उतारा तिच्या जबाबासोबत लावतील आणि तहसीलदारांकडे जाणाऱ्या अहवालात तसे लिहितील. गुन्हा दाखल करण्यासारखे आज त्यांना काही दिसत नाही, परंतु त्या तसे शब्दांत सांगू शकत नाहीत. मी म्हटले, ठीक.

त्यानंतर मॅडमनी मोनालीला फोन लावला व आवाज मोठा केला. त्यांनी विचारले की तुम्ही दिलेल्या जबाबात काही बदल करायचा आहे का. मोनाली म्हणाली, “नाही मॅडम. मी जे म्हटले ते म्हटलेच आहे. धन्यवाद.” मॅडम म्हणाल्या की तुमचे सासरे इथे बसले आहेत, तुम्ही काय म्हणाला होता ते त्यांनी मला नीट समजावून सांगितले आहे, मला ते समजले आहे, आणि तसे मी लिहून घेतले आहे. फोन चालू होता. मागे कुकरची शिटी झाली.

मग तिने विचारले, “बाबूजी सकाळपासून तिथंच हायेत का?”

मॅडम होय म्हणाल्या.

“जेवले का ते?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मॅडम नाही म्हणाल्या.

मोनाली म्हणाली, “मंग डबा का ठाण्यात जमा कराले नेला का त्याईनं? चार वाजून राह्यले. उपाशी मराले गेले का तिथं? विचारा बरं त्याईले. गोळीचा टाइम गेला अन् बसले तिथं पुतळ्यावानी. देवा-धर्माचं काई नाई या घरात अन् उपास करून राह्यले.” ती बराच वेळ बोलत होती. मध्येच आवाज फुटला व फोन बंद झाला.

रूपराव खिडकीबाहेर पाहत होते. मॅडमनी विचारले की हे लिहायचे का. मी म्हटले, लिहा. जसे म्हटले तसेच लिहा, दुरुस्त करू नका.

याखेरीज मला काही सांगायचे नाही. हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर घेतला. रूपराव यांनी तो मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला, आमच्याकडचे शब्द आमच्यासारखेच वाचले. त्यात कमी-जास्त काही नाही, मजकूर बरोबर व खरा आहे. त्याखाली सही करत आहे. सही करण्यापूर्वी मी ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली एकटा बसून डबा खाल्ला आहे.